चाळिशीनंतर पाळी बिघडली आणि ऑपरेशन सांगितलं, तर ठरवायचं कसं?

चाळिशी ओलांडली की पाळीचं तंत्र बिघडतं हे बहुतेक जणींना माहीत असतं, तरी प्रत्यक्ष झालं की घाबरायला होतंच. कधी वीस दिवसांत येते, कधी अडीच महिने पत्ता नाही, आणि आली की दहा-बारा दिवस थांबायचं नाव नाही. मग सोनोग्राफी होते, रिपोर्टमध्ये दोन-चार भीतीदायक शब्द येतात आणि कोणीतरी म्हणतंच, मुलं झालीत ना आता, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. मी ऑपरेशनच्या विरोधात अजिबात नाही, योग्य कारणासाठी पिशवी काढलेल्या बायका नंतर म्हणतात की हे आधीच करायला हवं होतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: पाळी अनियमित आहे हे लक्षण झालं, ऑपरेशन होतं ते त्यामागच्या कारणावर. कारण काय ते कागदावर लिहिलेलं नसेल तर तारीख घ्यायची घाई करू नका.

आधी नेमकं काय होतंय ते लिहून काढा

"पाळीचा त्रास आहे" एवढं सांगून डॉक्टरला काही कळत नाही. तीन वेगळे प्रकार असतात: पाळी वेळेवर येत नाही, पाळीत अंगावरून खूप जातं, आणि दोन पाळ्यांच्या मधेच डाग लागतात किंवा संबंधानंतर रक्त दिसतं. कुणाला एकच असतं कुणाला तिन्ही, आणि उपाय प्रत्येकाचा वेगळा.

वहीत नाहीतर मोबाईलमध्ये साधं टिपण ठेवा. कोणत्या तारखेला सुरू, कधी थांबलं, त्या दिवशी किती पॅड बदलले, गाठी पडल्या का, रात्री उठून पॅड बदलावं लागलं का, चादर खराब झाली का, पोटात दुखत होतं का. दोन-तीन महिन्यांचं असं टिपण असलं की दवाखान्यात पाच मिनिटांत जे कळतं ते एरवी अर्धा तास बोलूनही कळत नाही. आपली आठवण फसवी असते हो, गेल्या महिन्यात आठ दिवस होतं की अकरा हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

तुलनेसाठी आकडे: एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस आणि रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत, हे नॉर्मल धरतात. जास्त म्हणजे किती याला पूर्वी ८० मिली असं माप होतं, पण घरी मिली कोण मोजणार, म्हणून आता साधा निकष असा की त्याच्यामुळे तुमचं रोजचं जगणं अडतंय का.

या गोष्टींसाठी टिपण करत बसू नका

तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं दोन तासांपेक्षा जास्त चाललंय, चक्कर येते, धाप लागते, छातीत धडधडतं, तर सरळ इमर्जन्सीत जा. पाळी चुकलीय आणि एका बाजूला पोटात जोरात दुखतंय तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट. पंचेचाळिशीतही दिवस राहतात, "आता काय होणार" म्हणून सोडू नका.

आणि पाळी पूर्ण १२ महिने बंद होती आणि आता पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग जरी असला, तरी त्याला "पाळी परत आली" म्हणायचं नाही. ते तपासायचंच. अशा दहापैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर निघत नाही, पण उरलेल्या एकीसाठी लवकर कळणं फार मोलाचं असतं.

या वयात पाळी का बिघडते

हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं म्हणून जरा थांबून वाचा. दर महिन्याला अंडाशयातून बीज सुटतं, ते सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन तयार होतं आणि ते पिशवीच्या आतल्या अस्तराला आवर घालतं. चाळिशीनंतर काही महिने बीज सुटतच नाही. मग इस्ट्रोजेन एकटंच काम करत राहतं, अस्तर वाढत जातं, आवर घालणारं कोणी नसतं, आणि शेवटी ते जाड झालेलं अस्तर कधीतरी उशिरा, कसंही, तुकड्या-तुकड्यांनी पडायला लागतं. म्हणून दोन महिने काही नाही आणि मग बारा दिवस धो-धो. पिशवीत काहीही बिघाड नसताना हे होऊ शकतं, आणि पाळी कायमची गेली की हे आपोआप थांबतंही. असा प्रकार असेल तर पहिला विचार ऑपरेशनचा नसतो, बाहेरून प्रोजेस्टेरॉन देऊन अस्तर ताब्यात ठेवायचा असतो. मात्र वर्षानुवर्षं तसंच चालू दिलं तर अस्तरात नको ते बदल होऊ शकतात, म्हणजे दुर्लक्षही नको.

बाकीची कारणं पिशवीतच असतात: पॉलिप, म्हणजे अस्तरातून लोंबणारी छोटी गाठ, अडेनोमायोसिस, यात अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरतं आणि पाळीत भयंकर दुखतं, फायब्रॉइड, म्हणजे स्नायूच्या गाठी, आणि अस्तराची घातक वाढ किंवा कॅन्सर. शिवाय थायरॉइड, रक्त न गोठण्याचे आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कॉपर टी, काही मानसिक आजारांची औषधं, स्तनाच्या कॅन्सरनंतर देतात ती टॅमॉक्सिफेन. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनेने, म्हणजे फिगोने, २०११ मध्ये या कारणांची एक यादीच ठरवून दिली, तिला पाम-कोईन म्हणतात. डॉक्टरला खुशाल विचारा, माझं यातलं कोणतं कारण आहे?

तपासण्या, आणि त्यातली एक जी राहून जाते

रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड. फेरिटिन मुद्दाम मागा, हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो आणि थकवा, केस गळणं त्यानेच चाललेलं असतं. पॅप स्मीअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, झाला नसेल तर तो. मग सोनोग्राफी, शक्यतो योनीमार्गातून केलेली, कारण पोटावरून अस्तर तितकं स्पष्ट दिसत नाही.

राहून जाते ती अस्तराची बायोप्सी. वय ४५ किंवा जास्त असेल आणि पाळी बिघडलेली असेल तर अस्तराचा तुकडा तपासायचा असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सरळ म्हणणं आहे, आणि ४५ च्या आत असाल पण वजन खूप जास्त आहे, पीसीओएस (अंडाशयातून बीज नियमित न सुटण्याचा हार्मोनचा त्रास) आहे, घरात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेला आहे किंवा औषधांनी काहीच फरक नाही, तरीसुद्धा. बऱ्याचदा ही ओपीडीतच होते, बारीक नळी आत घालून अस्तराचा नमुना ओढून घेतात, काही मिनिटांचं काम. पाळीसारखी जोरात कळ येते, खोटं कशाला सांगू, पण थोड्या वेळाने बसते. आधी पेनकिलर घेऊन जाऊ का ते विचारून ठेवा.

क्युरेटिंगबद्दल एक सांगायचंय. "क्युरेटिंग करून घ्या म्हणजे पाळी सुधारेल" असं अजूनही सांगतात. खूप रक्त जात असताना ते तात्पुरतं थांबवायला आणि नमुना घ्यायला त्याचा उपयोग आहे, पण कायमचा इलाज म्हणून नाही, अस्तर पुढच्या महिन्यात परत वाढणारच. नमुना घ्यायचाच असेल तर सोबत हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बीण आत घालून बघणं, होऊ शकतं का विचारा, नाहीतर आतला पॉलिप तसाच राहून जातो.

रिपोर्टमधले शब्द

"बल्की युटेरस" म्हणजे पिशवी थोडी मोठी आहे, बस. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच, हे ऑपरेशनचं कारण नाही. "ईटी १४ एमएम" म्हणजे अस्तराची जाडी. पाळी चालू असलेल्या बाईत ती महिनाभर वर-खाली होत असते, पाळीच्या आधी १४ दिसली म्हणून काही आकाश कोसळत नाही. ४ एमएमची मर्यादा जी ऐकिवात येते ती पाळी पूर्ण गेल्यावर रक्त दिसलेल्या बायकांसाठी आहे, आणि ही गल्लत फार होते. "नाबोथियन सिस्ट" म्हणजे पिशवीच्या तोंडावरची बारीक गाठ, निरुपद्रवी. "सिंपल ओव्हेरियन सिस्ट", म्हणजे अंडाशयातल्या साध्या पाण्याच्या गाठी, या वयात येतात-जातात, लहान असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बघतात. अंगावरून पांढरं जाणं हेही पिशवी काढायचं कारण नाही.

एका शब्दाकडे मात्र डोळेझाक नको: बायोप्सीत "हायपरप्लेझिया", म्हणजे अस्तराची प्रमाणाबाहेर वाढ. त्यापुढे "विदाऊट अटिपिया", म्हणजे पेशींत विचित्र बदल नाहीत, असं असेल तर पुढे कॅन्सर होण्याची शक्यता २० वर्षांत ५ टक्क्यांपेक्षा कमी, आणि बहुतेकदा हार्मोनवर बरं होतं, फक्त काही महिन्यांनी पुन्हा बायोप्सी करून खात्री करायची. "विथ अटिपिया" असेल तर गोष्ट वेगळी, कारण अशा काही जणींच्या पिशवीत त्याच वेळी कॅन्सर लपलेला सापडतो, म्हणून तिथे पिशवी काढायचाच सल्ला देतात आणि तो ऐकावा. तिथे "अजून थोडं बघू" नको.

औषधं "फेल गेली" म्हणजे नक्की काय

आठ दिवस गोळ्या घेतल्या, पुढच्या महिन्यात परत तेच झालं, म्हणून औषधं फेल गेली असं धरू नका. प्रत्येक औषधाला त्याचा वेळ द्यावा लागतो, साधारण तीन महिने तरी.

ट्रानेक्झामिक ॲसिड फक्त जास्त रक्त जातं त्या दिवसांत घ्यायचं, रक्तस्राव जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. पण पाळीच्या तारखा त्याने सुधारत नाहीत, आणि पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर ते चालत नाही. मेफेनामिक ॲसिड दुखणंही कमी करतं आणि रक्तही थोडं. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या महिन्यातले ठरावीक दिवस. गर्भनिरोधक गोळ्या पाळी छान बसवतात, पण पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या, बीपी असणाऱ्या, डोळ्यापुढे चमकून अर्धशिशी होणाऱ्या बायकांनी त्या घ्यायच्या नाहीत.

आणि मग हार्मोनची कॉपर टी, जिला बहुतेक जणी मिरेना म्हणून ओळखतात, खरं तर तिच्यात कॉपर नसतंच. ती पिशवीच्या आतच रोज थोडं थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडते, अस्तर पातळ ठेवते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत जास्त रक्तस्रावासाठी पहिला पर्याय म्हणून हीच सांगितलीय, जिथे मोठ्या गाठी वगैरे नाहीत तिथे. माझं मत विचाराल तर चाळिशीतल्या बाईसाठी ऑपरेशनच्या आधी गंभीरपणे विचारात घ्यावी अशी हीच एक गोष्ट आहे, कारण तिच्यावर काही वर्षं काढली की पाळी जायचं वय येतंच. पण पहिले तीन ते सहा महिने मधेमधे डाग लागत राहतात, हे आधी कोणी सांगत नाही आणि मग दुसऱ्याच महिन्यात वैतागून काढून टाकतात.

तुमच्या वयाचं गणित

पाळी जायचं वय बहुतेक जणींचं ४५ ते ५५ च्या मधे कुठेतरी. आई, मोठी बहीण यांची कधी गेली ते विचारा, थोडा अंदाज येतो. रक्ताची एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) तपासणी करून नक्की तारीख कळेल असं वाटतं, पण या वयात तो आकडा महिन्या-महिन्याला उड्या मारतो, ४५ नंतर त्याच्यावर निर्णय घेऊ नये.

म्हणजे ५० वर्षांची बाई, गाठी मध्यम, हिमोग्लोबिन औषधांनी धरून ठेवता येतंय, तर थांबण्यात अर्थ आहे, पाळी गेल्यावर फायब्रॉइड सहसा आकसतात. तेच ४१ वर्षांची असेल, आतल्या बाजूला मोठी गाठ, दर दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ७ वर, तर दहा वर्षं कळ काढ म्हणणं हा अन्याय आहे.

ऑपरेशन म्हणजे फक्त पिशवी काढणं नाही

पॉलिप असेल तर हिस्टेरोस्कोपीतून तो काढतात, बाहेर एकही टाका नाही, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. पिशवीच्या पोकळीत आलेली फायब्रॉइडही बऱ्याचदा अशीच खालून काढता येते. रिपोर्टमध्ये "सबम्यूकोसल" शब्द आहे का बघा, रक्त जास्त जायला हीच गाठ मुख्यतः जबाबदार असते. बाहेरच्या बाजूला असलेली चार सेंटिमीटरची गाठ बिचारी अनेकदा काहीच करत नसते आणि दोष तिच्यावर येतो.

मायोमेक्टोमी म्हणजे फक्त गाठी काढून पिशवी ठेवणं. गाठी पुन्हा येऊ शकतात. युटेरिन आर्टरी एम्बोलायझेशन हे रेडिओलॉजिस्ट करतो, मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. पहिले एक-दोन दिवस चांगलंच दुखतं.

अब्लेशन म्हणजे अस्तर उष्णतेने जाळून टाकणं. काही मिनिटांत होतं, टाके नाहीत. पण आधी बायोप्सी झालेलीच हवी, पुढे मूल नकोच हवं आणि तरीही गर्भनिरोधक वापरावं लागतं, कारण त्यानंतर दिवस राहिले तर धोक्याचं असतं. चाळिशीच्या सुरुवातीला केलं तर नंतर पुन्हा त्रास होऊन पिशवी काढावी लागण्याची शक्यता जास्त, पन्नाशीजवळ केलं तर निभावून जातं. अडेनोमायोसिसमध्ये अपयश जास्त. आणि अस्तराच्या कॅन्सरचा धोका ज्यांना जास्त त्यांनी टाळलेलं बरं, आत व्रण पडले की पुढे बायोप्सी घेणंच अवघड होऊन बसतं.

पिशवीच काढायची ठरली तर

इथे "पिशवी काढायची" या दोन शब्दांत तीन-चार वेगळे निर्णय दडलेले असतात आणि सही करताना ते सुटे सुटे विचारायला हवेत.

सगळ्यात मोठा निर्णय अंडाशयांचा. "पिशवीसोबत तेही काढून टाकू, पुढे कॅन्सरची भीती नको" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण पाळी जायच्या आधी दोन्ही अंडाशय काढले की पाळी त्या दिवशीच जाते, एकदम, हळूहळू नाही. गरम वाफा, झोप उडणं, आणि पुढे हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं. पन्नाशीच्या आत, घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर नाही, बीआरसीए जीनमध्ये (ज्यातल्या दोषाने हे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो) दोष नाही आणि अंडाशय दिसायला चांगले आहेत, तर ते ठेवायचेच यासाठी आग्रह धरा. बीआरसीए असेल तर गणित उलटं, तिथे काढणंच हिताचं. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याची लक्षणं थोडी लवकर येऊ शकतात, तेवढं लक्षात ठेवा.

गर्भनलिका मात्र काढून टाकायला हरकत नसते, अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बरेच कॅन्सर मुळात नलिकेतून सुरू होतात, आणि नलिका हार्मोन बनवत नाहीत म्हणून नुकसान नाही.

पिशवीचं तोंड ठेवायचं की काढायचं? ठेवलं तर पॅप स्मीअर चालूच ठेवावा लागतो आणि काही जणींना दर महिन्याला थोडे डाग लागत राहतात. ठेवल्याने संबंध जास्त सुखाचे होतात असं म्हणतात, अभ्यासांत तसा फरक दिसलेला नाही.

मग रस्ता. खालून, दुर्बिणीतून की पोट उघडून. खालून करणं शक्य असेल तर तेच पहिलं, वेदना कमी, बरं होणं लवकर. दुर्बिणीचं ऑपरेशन नवं म्हणून आपोआप श्रेष्ठ असं नसतं. खूप मोठ्या गाठी, आधीच्या सिझेरियनमुळे चिकटलेलं पोट, अशा वेळी पोट उघडावं लागतं. आणि दुर्बिणीतून मोठी पिशवी तुकडे करून बाहेर काढणार असतील तर ती आधी बंद थैलीत ठेवून तुकडे करणार का हे विचारा, कारण गाठीत क्वचित लपलेला कॅन्सर असला तर तो पोटात पसरू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये याबद्दल इशारा दिला होता.

डॉक्टरला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या: माझं कारण काय, बायोप्सीत काय आलं, यापेक्षा लहान कोणता उपाय आहे आणि माझ्यासाठी तो का नाही, तीन महिने थांबले तर काय बिघडेल, तुम्ही स्वतः हे ऑपरेशन किती वेळा करता, मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा झाली तर इथे सोय आहे का. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. "उद्याच करा नाहीतर कॅन्सर होईल" असं बायोप्सीशिवाय कोणी म्हणालं तर सगळे रिपोर्ट घेऊन दुसऱ्याचं मत घ्या.

घरचे मधे बोलणारच. कोणी म्हणेल काढून टाक, कोणी म्हणेल बाईपण जाईल. ऐकून घ्यायचं, सही तुमची असते.

तारखेच्या आधी आणि नंतर

हिमोग्लोबिन कमी असेल तर ते वाढवून मगच ऑपरेशन, घाईचं कारण नसेल तर. गोळ्यांनी वेळ लागतो, सलाईनमधून लोह दिलं तर लवकर वाढतं, आणि तोपर्यंत पाळी थांबवून ठेवायची औषधंही असतात. शुगर, बीपी ताब्यात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका, कधी थांबवायच्या ते विचारा. सिगारेट, तंबाखू असेल तर बंद.

नंतर पूर्ण ताकद यायला पोट उघडून केलं तर सहा ते आठ आठवडे, बाकी प्रकारांत त्याहून कमी. पण टाके आतही असतात, म्हणून बाहेरून बरं वाटलं तरी जड उचलणं आणि संबंध डॉक्टर सांगेपर्यंत नाही. ताप, घाण वासाचा स्राव, पॅड भिजेल इतकं रक्त, लघवी अडणं किंवा योनीतून सतत पाण्यासारखं गळणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

काढलेली पिशवी तपासणीला जाते आणि तिचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो, तोपर्यंत आपण घरी आलेलो असतो आणि तो आणायचाच राहतो. तो आणा, वाचून घ्या. आणि डिस्चार्ज कार्डावर अंडाशय ठेवले की काढले, एक की दोन्ही, पिशवीचं तोंड काढलं का, हे स्पष्ट लिहून घ्या. दहा वर्षांनी दुसरा डॉक्टर हेच विचारतो आणि कितीतरी बायकांना ते सांगता येत नाही. दोन्ही अंडाशय पन्नाशीच्या आत काढावे लागले असतील तर टाके बघायला जाल त्याच दिवशी हार्मोनच्या गोळ्यांचं बोलून घ्या, काही अडचण नसेल तर त्या पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण ५१ पर्यंत, देतात.